म्हैसूरचा फोटो

मंडळी, आज आई शेजारच्या काकूंना म्हैसूरच्या राजवाड्याबद्दल सांगत होती. सगळे दिवे एकदम लागले तेव्हा तिच्या अंगावर काटा आला म्हणे.

आमची आई मंठ्याहून जालन्याच्या पुढं कधी गेलीच न्हाई. राजवाडा तिनं आमच्या दुकानातल्या कॅलेंडरवर पाहिला. दरवर्षी "जाऊ ना म्हैसूरला" म्हणायची. "दुकान कोन बघील?" म्हणून अण्णा विषय संपवायचे. आता ती आमची नावंही विसरते.

बोलता बोलता तिनं अण्णांना विचारलं, "आवो, तिथं माझा फोटो तुमीच काढल्ता ना?"

 अण्णा म्हणाले, "हाव. म्याच काढल्ता."

तेव्हापासून आई कपाटात तो फोटो शोधून राह्यलीय. अण्णाही तिच्यासोबत शोधतायत.

त्यांना थांबा कसं म्हणू?