आईचं पन्नु

चहा आधी संपवा, मग ऐका. नाहीतर नाकातून येईल आणि नाव माझं घ्याल. आईचे दात बसवायला निघालो आणि स्वतःच्या बापाला सेल्सटॅक्सच्या तोंडी देऊन आलो. असा दुसरा गाढव अख्ख्या भैंशा गावात सापडला तर मला दाखवा!

आधी आई सांगतो. आमची आई हसायची ना, तर समोरच्या जिनिंगवरचे हमाल कापसाची बोंद्री खाली ठेवून बघायचे. पेरूला आमच्याकडे जांब म्हणतात. आई जांब कधी चिरायची नाही, कचकन चावायची. मग एकदा बोअरिंगच्या हापशाचा दांडा हातातून निसटला आणि तोंडावर बसला. वरचे चार दात गेले, खालचे दोन. त्या दिवसापासून तोंडावर पदर. जांब बंद, हसणं बंद. घर कसं टाळं लावल्यासारखं झालं.

दोन वर्षं मी बाबांच्या मागे. "बाबा, आईचे दात बसवा."

"कापसाचा सीझन जाऊ दे ना बे."

सीझन जायचा. मग पेरणी यायची. मग पोळा. आमचे मोठे काका तर त्याहून थोर! "बाईमानसाले दातं काऊन लागते? ती का इलेक्शनले उभी राहून राह्यली?" यावर बाबा हसायचे. हसणारच. दोघांचेही बत्तीसच्या बत्तीस शाबूत.

दुकान आमचं बारदान-सुतळीचं. नुसतं दुकान नाही, रजिस्टर्ड दुकान! बाबा हा शब्द असा उच्चारायचे, जणू निजामानं जहागीर लिहून दिली. सेल्सटॅक्सचं सर्टिफिकेट फ्रेम करून लक्ष्मी आणि गणपतीच्या मधे टांगलेलं. रोज उदबत्ती, दिवाळीला हार, वर कुंकवाची बोटं. रजिस्टर्ड माणसाच्या जबाबदाऱ्या काय असतात, ते कोणी विचारलं? गिऱ्हाइकाकडून टॅक्स घ्यायचा, एवढी एक बाबांना तोंडपाठ. नीट हिशेब ठेवायचा, महिन्याच्या महिन्याला विवरण द्यायचं, घेतलेला टॅक्स सरकारात भरायचा, हे बाकीचं सगळं उदबत्तीच्या धुरात गेलं. मी बोललो तर म्हणायचे, "हार तं घातला, आनखी काय करू?"

आणि मी कोण मोठा शहाणा? दहावीत तेलुगूत गेलेला. पुन्हा बसलोच नाही. घरात तेलुगू शिकवणार कोण? आमची मोठी माणसं उभा जन्म या तेलुगू राज्यात काढून "इटु रा, अटु पो", म्हणजे "इकडे ये, तिकडे जा"च्या पुढं सरकली नव्हती.

तर एक दिवस बाबा मार्केटात गेलेले. गादीवर मी. बगलेत बॅग धरून एक चष्मेवाला आला. तो सेल्सटॅक्सचा माणूस होता, हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला आत्ताच सांगतो, म्हणजे माझ्यावर वेळेवर हसता येईल.

"अम्मकम पन्नु कट्टारा?" त्यानं विचारलं.

थांबा, इथं तेलुगूचा तास घ्यावा लागतो. पन्नु म्हणजे दात. आणि पन्नु म्हणजे करसुद्धा! अम्मकम म्हणजे विक्री. कट्टणं म्हणजे पैसे भरणं, आणि दात बसवणंही. तो विचारत होता, सेल्सटॅक्स भरला का? मला तेलुगू अर्धं. मी ऐकलं, अम्माचा दात बसवला का?

काय सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं! सख्ख्या दिराला जे सुचलं नाही, ते हा परका माणूस दारात येऊन विचारत होता.

"लेदंडी!" मी ओरडलो. नाही हो! पुढचं सगळं माझ्या मोडक्या तेलुगूत झालं, तुम्हाला मराठीत सांगतो. नान्ना म्हणजे बाबा, एवढं ध्यानात ठेवा.

"दोन वर्षं झाली, साहेब. रोज सांगतो, आमचे नान्ना ऐकतच नाहीत!"

तो दचकला. पेन काढलं. "दोन वर्षं? तुला माहीत आहे?"

"मलाच काय, सगळ्या गल्लीला माहीत आहे!"

"किती आहे?"

"वर चार, खाली दोन."

त्याचा चष्मा नाकावर घसरला. त्याला वाटलं, वरचा हिशेब वेगळा, खालचा वेगळा! "खालचंही आहे?"

"आहे ना. अम्मा झाकून ठेवते."

"कुठं?"

"पदराखाली. कोणी आलं की लगेच!"

"आणि नान्ना काय म्हणतात?"

"म्हणतात, बघायला कोण येतंय!"

त्यानं पेन मिटलं आणि मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. व्यापाऱ्याचा असा प्रामाणिक पोरगा त्याला साऱ्या नोकरीत भेटला नसणार. "उद्या निर्मलला ये. स्टँडमागं आमचं ऑफिस आहे. अम्माला घेऊन ये. मोठे साहेब स्वतः बघतील."

सरकारी दातांचा दवाखाना! बाबांना मी कळूसुद्धा दिलं नाही. आई ठेवणीतलं लुगडं नेसली. भैंशाच्या स्टँडवर मी दोन जांब घेतले. म्हटलं, "येतानी खाजो."

पदराआडून आई म्हणाली, "कच्चे घे. पिकल्याले दातं काऊन लागते?"

बसमध्ये खिडकीच्या काचेत बघत होती. मधेच हळूच विचारलं, "मी पयल्यासारखी दिसन का रे?"

मी नुसती मान हलवली.

ऑफिसात मोठे साहेब, दोन कारकून, एक शिपाई आणि कालचा चष्मेवाला. दवाखान्यात एवढी दप्तरं कशाला, असा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला! साहेब आईकडे बघून कडक आवाजात म्हणाले, "चूपिंचंडी." दाखवा.

"आई, पदर काढ. आऽ कर."

आईनं केलं.

वर पंखा कुरकुरत होता. मी जवळ जाऊन बोटानं दाखवलं. "वर चार, साहेब. खाली दोन."

साहेबांनी चष्मेवाल्याच्या कागदाकडे पाहिलं. आईच्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा कागदाकडे. मग टेबलावर डोकं टेकून ते असे हसले की शिपाई पाणी घेऊन धावला. "अरे बेटा," ते हिंदीत म्हणाले, "ये दाँत का नहीं, टैक्स का दफ्तर है!"

आईला समजायला थोडा वेळ लागला. आणि मग आई हसली. पदर खांद्यावर, हात मोकळे, तोंड सताड उघडं. अगदी पहिल्यासारखी! कारकून लेखण्या ठेवून बघायला लागले. मला वाटलं, हिला असंच हसू दे. पाहिजे तर दुकान न्या, फ्रेम न्या, मलाही न्या.

साहेबांनी डोळे पुसले. "लेकिन दो साल का टैक्स, वो तो सच है ना?"

मी आईच्या पदरामागं सरकलो.

येताना आईनं दोन्ही जांब माझ्या हातात दिले. "तूच खाय." मी एकच चावला. दुसरा खिशात ठेवला.

पुढं बाबा आणि काका वह्या डोक्यावर घेऊन निर्मलच्या खेपा घालत राहिले. टॅक्स भरला, वर दंड भरला. पैसे कुठून आले? बाबांच्या ट्रंकेतून. आईच्या दातांसाठी साठवलेले! या सीझनला बसवणार होते म्हणे. मग एका शब्दानं सांगायला काय झालं होतं? आमच्या मोठ्यांची ही अशी रीत. ओरडायचं चारचौघांत आणि माया करायची ती ट्रंकेत कुलूप लावून.

परवा न राहवून मी पुन्हा विषय काढला. "बाबा, आईचं पन्नु..."

बाबांनी सुतळीचा गुंडा करता करता मान वर केली. भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं लक्ष्मीच्या शेजारी नवी फ्रेम. आत टॅक्सची पावती. तिलाही हार.

"कट्टलं ना बे! तूच तं कट्टाले लावलं."

काका खोखो हसले. आईही हसली.

पदराआड.