ओटी भरून पाठवलेली नर्स

त्या बाईने बंगईवरून पाय पुढे केला आणि म्हणाली, "चेप."

जळगावचा बंगला. गुळगुळीत फरशी. बंगईवर झोके घेत परदेशी नोकऱ्या लावणाऱ्या एजंटाची आई. समोर मी, धुळ्याच्या हॉस्पिटलातली शिकलेली नर्स. दाराशी आबा, माझे वडील, चपला बाहेर काढून उभे. खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा म्हणायला कुणाची जीभ वळली नाही.

एजंटाला सगळे भाऊ म्हणायचे. भाऊ सोफ्यावर पान चघळत म्हणाला, "बघू तरी हात कसा चालतो. तिकडे मालकाची म्हातारी आहे. तिचंच करायचंय."

मी विचारलं, "हॉस्पिटलात नाही का?"

"नियम बदलला, बाई. आता तिकडचे हॉस्पिटलवाले स्वतः येऊन नर्स निवडतात. आमच्याकडे घरकामाचा व्हिसा आहे, मालकाच्या नावावर. वर्षभर त्याच्या घरी काढ. मग तोच तुला हॉस्पिटलात लावेल."

मी जात्याच संशयी. दुकानदार गोड बोलायला लागला की मी आधी तराजूकडे बघते. पण हा माणूस माझ्याकडे आलाच नव्हता. तो थेट आबांकडे गेला होता.

आमचं गाव सोनगीरजवळ. आमची वस्ती गावाच्या कडेला. तिथून परदेशी निघालेली मी पहिलीच. व्हिसा यायच्या आधीच भाऊने गावात माझा सत्कार ठरवला. पंचायतीपुढे मांडव, लाउडस्पीकर. ज्या ओट्यावर आबांना कधी कुणी टेकू दिलं नव्हतं, तिथे त्यांना गादीवर बसवलं, टोपी-टॉवेल दिला. पाटलीणबाईंनी माझी ओटी भरली. नारळ, खण, नवी साडी. आबा रडले. मीही रडले. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं होतं. पण ओटी भरून गाव वेशीपर्यंत पोचवायला आलं की मग माघारी फिरणं अवघड. लोक जन्मभर बोलतात. भाऊला हे आमच्याइतकंच ठाऊक होतं.

म्हणून त्या दिवशी मी खाली बसले. पाय चेपू लागले. पाय चेपण्याची मला लाज नाही. रोग्यांचे पाय धुतलेत, त्यांची घाण काढली आहे, मान वर ठेवून. इथे कुणी आजारी नव्हतं. बैलबाजारात दात बघतात तसं मला तपासत होते. आणि आबा ते बघत होते. अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

म्हातारी म्हणाली, "हिचा हात राठ आहे रे. दिवाळीला आल्या होत्या त्या दोघी नर्सा बऱ्या होत्या."

माझा हात थांबला.

दिवाळीला. म्हणजे दिवाळीलाही नर्सा इथेच, अशाच खाली बसल्या होत्या. माझा सत्कार संक्रांतीनंतरचा. नियम बदललाय हे पक्कं ठाऊक असून हा माणूस आमच्या मांडवात उभा राहिला. माईकवरून मला परदेशातल्या हॉस्पिटलची नर्स म्हणाला. आधी गावाकडून ओटी भरून घेतली आणि मग नियम सांगितला.

मी म्हातारीचा पाय खाली ठेवला आणि उठले. "व्हिसासाठी घेतलेला माझा पासपोर्ट द्या."

भाऊ माझ्याशी बोललाच नाही. आबांकडे बघून हसला. "काय आबा, गावात काय सांगणार?"

आबांना सगळ्या गावाला तोंड दाखवायची धास्ती. "पोरी, बठ्ठा गावनी तुनी ओटी भरी. आते काय तोंड लिसनी जावानं?"

"मी सांगसू गावले, आबा."

मग मी एका रिकाम्या खुर्चीवर बसले. म्हातारी ओरडली, "ऊठ तिथून!" उठले नाही. बाहेर व्हरांड्यात आणखी मुली बसल्या होत्या, आपापल्या बापांबरोबर. नव्या साड्या. कुंकू. त्यांना ऐकू जाईल असं मी म्हटलं, "हा नर्सचा व्हिसा नाही. मोलकरणीचा आहे."

भाऊ ताडकन उठला. "गप्प बस!"

मी पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्याने. व्हरांड्यात खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. भाऊने कपाट उघडलं आणि पासपोर्ट माझ्या पायाशी फेकला. वाकून उचलला. त्यात कमीपणा वाटला नाही. माझा होता.

नंतर धुळ्यात एका केरळच्या सिस्टरला विचारलं. ती तिकडे राहून आलेली. ती म्हणाली, नियम बदललाय हे खरंच आहे. पण घरकामाच्या व्हिसावर गेलेलीला तिथे कुठलंही हॉस्पिटल उभं करत नाही. मालकाचं घर सोडलं की ती पळालेली ठरते, आणि पासपोर्ट असतो मालकाकडे. म्हणजे नियमाची एवढी एकच गोष्ट भाऊ खरी बोलला होता, तीही उशिरा.

गावाने काय केलं? पाटलीणबाईंचा निरोप आला, साडी परत पाठव. मी भर दिवसा जाऊन त्यांच्या पायरीवर ठेवली. त्यांनी माझी ओटी भरलीच नव्हती, व्हिसाची भरली होती. आबांना पुन्हा त्या ओट्यावर कुणी बोलावलं नाही. आबा माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. त्याचं दुःख आहे. फार आहे. पण पश्चात्ताप नाही.

परवा कळलं, शेजारच्या गावात भाऊचा मांडव उभा राहतोय. तिथलीही नर्सच आहे. मी ड्युटी बदलून घेतली आहे. मी जाणार. माईक मला देणार नाहीत. तिच्या पदरात नारळ पडायच्या आधी मी बायकांमधून उठून विचारणार, व्हिसा कोणत्या कामाचा आहे? दंडाला धरून बाहेर काढतील. काढू देत. मी मांडवाबाहेरून विचारीन.