वाळूवरची मगर दिसेनाशी झाली

आष्ट्याच्या एका कार्यक्रमात मी मगरीवर तासभर बोललो. मगर म्हणजे कृष्णेची राखणदार, तिला भिऊ नका, वगैरे. टाळ्या पडल्या. श्रोते पाण्याबाहेर होते आणि मीही.

पुढच्याच आठवड्यात पलूसकडच्या आमच्या मळ्यातली मोटर पाणी ओढेना. नदीत सोडलेल्या पाइपाच्या जाळीत गवत अडकलं होतं. ते काढायला चुलतभाऊ उतरला. अशा वेळी दुसऱ्यानं काठावर पाना घेऊन उभं राहायचं. मगर हलली की लोखंडी पाइपावर पाना ठोकायचा. आवाज पाण्याखाली पोचतो.

"समोर वाळूवर पडलीय बघ," भाऊ म्हणाला. "नजर हटवू नगंस. लेखक हाईस, पर जरा शुद्धीत ऱ्हा."

त्यानं बुडी मारली. तेवढ्यात जवळच्या फांदीवर खंड्या पक्षी येऊन बसला. मी एकदाच दुर्बीण डोळ्याला लावली. खाली घेतली, तर वाळू रिकामी.

पाण्यावर साधा तरंगही नव्हता. पाना उचलला, तो घामेजल्या हातातून थेट नदीत. जन्मभर झाडांनाच देव मानणारा मी. जोतिबा, खंडोबा, शेजारच्या जैन बस्तीतले भगवान, आठवेल त्याला हाक घातली आणि गळ्यातली दुर्बीण काढून पाइपावर बडवू लागलो. काचा फुटल्या. भाऊ वर आला.

"कुठंय?"

"दिसत न्हाई! भाईर ये!"

तो धापा टाकत काठावर आला. "पाना?" मी नदीकडं बोट केलं. त्यानं हासडलेली शिवी माझ्या कुठल्याच कादंबरीत बसणार नाही.

बऱ्याच वेळानं मगर पार खालच्या अंगाला वाळूवर चढली. जाळी अजून अर्धीच मोकळी होती. भाऊ उठला.

"कुणाला तरी बोलवू या," मी म्हणालो.

"तू हाईस की." माझ्या हातात दगड देऊन तो पाठमोरा पाण्यात शिरला. श्रद्धेवर मी पुष्कळ लिहिलंय. इतकी आंधळी कधी पाहिली नव्हती.

मी पापणी लववली नाही. दगड पाइपाला टेकवून धरला होता आणि हात असा कापत होता, की तो आपोआप ठकठक वाजू लागला. भाऊ ताडकन वर आला.

"आली?"

"तिथंच हाय. हात कापतोय रं."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं.

"मग दगड जरा लांब धर, गड्या," म्हणाला, आणि परत खाली गेला.