खुंटीवरची वल्ही

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, की इकडे आलात की मित्रांबरोबर पवनेच्या काठी तंबूत राहायचे ठरले आहे, आणि ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असे लिहिलेल्या फॉर्मला होकारही देऊन झाला आहे. तेव्हापासून माझे कशातच लक्ष लागत नाही. नोकरीतल्या गोष्टी मी कधी घरात आणल्या नाहीत. पण त्या काठावरची एक घटना अजून पाठ सोडत नाही. तुम्ही तिथे जाण्याआधी ती सांगून टाकते. नावे लिहिणार नाही.

मी त्या भागातल्या पोलीस ठाण्याची प्रभारी होते. एका रविवारी सकाळी खबर आली, की कॅम्पवर आलेला तरुण एकटाच नाव घेऊन पाण्यात गेला, नाव कलंडली आणि तो बुडाला. पंचनामा केला. लाइफ जॅकेट कुठेच नव्हते. नाव शेजारच्या गावातल्या मच्छीमाराची निघाली. त्याला बोलवायला शिपाई निघणार, तोच तो शेअर जीपने स्वतः ठाण्यात आला.

“नाव माझी हाय. काय करायचं ते करा.”

“त्याला नावेत बसवलं कोणी?”

“मी घरी व्हतो.”

“मग वल्ही नावेत कशी राहिली?”

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

आमचे हवालदार खूश होते. “मॅडम, आरोपी आपल्या पायानं आलाय. चहा पाजू आणि जबाब घेऊ.” पण कबुली इतक्या सहज आली, की मला खुर्चीत बसवेना. मी व्हरांड्यात येरझारा घालत राहिले. माणूस खोटे बोलत नव्हता, तरी काहीतरी जुळत नव्हते.

दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली.

“मॅडम, आमच्या घरी चला आन् दाराशेजारची खुंटी बघा.”

“खुंटीवर काय आहे?”

“कायबी न्हाई, तेच बघा. पाण्यावरनं आलं की नाव पालथी घालायची आन् वल्ही घरात आणायची. सासऱ्यापासनं हेच. कुणी भलत्यानं नाव नेऊ नये म्हणून. आता खुंटी मोकळी हाय. का, ते ह्या धर्मराजाला इचारा.”

नवरा भिंतीकडे बघत म्हणाला, “काठ कॅम्पवाल्या मालकाचा. नाव तितंच लागती. त्यो म्हनला वल्ही ऱ्हाऊ दे, तर न्हाई कसं म्हनू?”

मी कॅम्पच्या मॅनेजरला बोलावले. तो निर्धास्त होता.

“मॅडम, बोर्ड लावलाय ना, पाण्यात उतरू नये म्हणून. गेस्टची सही पण घेतो. आमची लायबिलिटी संपली.”

“जाहिरातीतले फोटो दाखवा.”

त्याने मोबाइल पुढे केला. फोटोत तीच नाव काठावर उताणी, आत गाद्या, कडेला दिव्यांची माळ आणि वल्ही.

“वल्ही कशाला?”

“फोटोत बरी दिसतात. गेस्ट बसतात, फोटो काढतात.”

“बसतात, हे तुम्हाला माहीत होतं?”

तो पहिल्यांदा खाली बघू लागला. “मालकांचीच आयडिया होती,” तो म्हणाला.

दोषारोपपत्रात मालक आणि मॅनेजर आले. मच्छीमाराचे नाव वगळायला वरिष्ठ तयार झाले नाहीत. खटला वडगावला चालला आणि लांबला. दर तारखेला तो न्यायालयाच्या पायरीवर बसलेला दिसे. बायको शेजारी, पण थोडे अंतर ठेवून.

निकाल मी उभ्यानेच ऐकला. न्यायाधीशांनी नाव कोणाची, यापाशी विचार थांबवला नाही. पाहुण्याला काठावर कोणी बोलावले, त्याला नावेत बसण्याचा मोह कोणी घातला, आणि धोका टाळणे कोणाच्या हातात होते, हे त्यांनी एकेक करून तपासले. ज्याने वागण्यातून बोलावले, त्याला बोर्ड लावून किंवा सही घेऊन आपले कर्तव्य झटकता येत नाही, असे त्यांनी म्हटले. मालक आणि मॅनेजर दोषी ठरले. मच्छीमार सुटला.

बाहेर तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“कोर्टानं सोडलं, व्हय. पण मॅडम, नाव तर माझीच ना?”

बायको म्हणाली, “आता हे रोज ऐकायचं मी.” तिचा आवाज मात्र मऊ होता.

कोणी कोणाचे काय देणे लागतो, हे न्यायालय पुराव्यावरून ठरवते, आणि ते तसेच ठरायला हवे. पण माणूस स्वतःपुरते जे ठरवतो, त्यावर अपील नसते, हे मला त्या पायरीवर कळले.

तुम्ही जाल तेव्हा तो कॅम्प तिथे नसेल. त्या मच्छीमाराची नाव मात्र काठावर पालथी असते, आणि वल्ही त्याच्या घरात, खुंटीवर.