वळण एक ढांग आत

पुतणी पोलीस भरतीच्या तयारीला लागली तेव्हा मला कळलं, की पळायला पायांच्या आधी कागद लागतो.

कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावात एका सरांनी भरतीची अकॅडमी काढली होती. फ्लेक्सवर सर स्वतः धावताना दिसत. प्रत्यक्षात त्यांना धावताना कुणी पाहिलेलं नव्हतं. ते बाजारतळावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून शिट्टी मारत. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येक मुलीला एक ध्येयपत्रक दिलं. माझं स्वप्न, माझं टार्गेट, माझी ताकद, माझी कमजोरी. ते घराच्या दारावर, जाता-येता दिसेल असं चिकटवायचं होतं. पुतणीनं स्वप्नापुढे ‘खाकी’ लिहिलं, ताकदीची जागा रिकामी सोडली आणि कमजोरीपुढे लिहिलं, ‘शेवटचं वळण’. आठशे मीटरच्या शेवटच्या वळणावर तिचा दम तुटायचा.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. वार्षिक नियोजन नावाचा कागद दर जूनला भरायचो आणि मार्च आला की त्याच्याशी जुळतील अशी कामं आठवत बसायचो. त्यामुळे नियोजन आणि निकाल जुळले की मला आनंद होण्याआधी शंका येते.

इथे तर ते दर शनिवारी जुळत होते. सरांच्या तक्त्यात पुतणीची सुरुवात तीन मिनिटं वीस सेकंदांची होती आणि दर आठवड्याला चार सेकंद कमी करायचे होते. सोळा, बारा, आठ, चार. पाचव्या शनिवारी तिनं तीन मिनिटांत दोन राऊंड पुरे केले आणि सर खुर्चीतून अर्धे उठून ओरडले, “टायमिंग बसलं!”

मला तो शब्दच खटकला. आपण नाटक बसवतो, मोटार बसवतो, कधीकधी हिशेबही बसवतो. जे आपसूक बसत नाही त्यालाच बसवावं लागतं.

घरी चहा पिताना पुतणी म्हणाली, “काका, तुमचं तोंड का असं?”

“तंतोतंत आलं म्हणून.”

“मग ते चांगलंच ना?”

“पावसाचा अंदाज कधी तंतोतंत आलाय का?”

“मी काय पाऊस हाय का?”

माझा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा बाप, बशीत चहा ओतत म्हणाला, “दादा, तुमाला पेढ्यातबी खडा लागतो.”

पण तीन आठवड्यांनी तिला नगरच्या मैदानावर पळायचं होतं. तिथलं घड्याळ आमच्या गावचं नव्हतं आणि तिथल्या चुन्याच्या रेघाही आमच्या गावच्या नव्हत्या. इथले चार सेकंद खोटे असतील तर ते तिथे कळणार होते, आणि तेव्हा फार उशीर झालेला असणार होता.

त्याच संध्याकाळी मी पाइपलाइन मोजायचा तीस मीटरचा टेप काढला आणि दुसरं टोक धरायला भावाला म्हटलं, “चल, बाजारतळ मोजू.”

“कशाला मोजायचं? सर हायेत ना.”

“सर आहेत म्हणूनच.”

तो आला, पण नांगराला पहिल्यांदा जुंपलेल्या बैलासारखा. वळणावर तर टेप धरण्यापेक्षा चपलेतले खडे झाडण्यातच त्याचा जास्त वेळ गेला. राऊंड चारशे मीटरचा हवा होता. भरला तीनशे एक्याऐंशी. माझंच चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं. पुन्हा तेवढाच.

मला जो आनंद झाला तो फारसा सभ्य नव्हता. “बघितलंस? पोरींचे पाय वाढले नाहीत, मैदान आटलंय. सोमवारी सगळ्यांसमोर विचारतो तुझ्या सरांना.”

भाऊ टेप गुंडाळत राहिला. पूर्ण गुंडाळून झाल्यावर म्हणाला, “सरांना नका इचारू. फक्की मीच मारतो.”

आमच्या गावचा बाजार रविवारी भरतो. गाड्या, टेम्पो, बकऱ्या आणि गिऱ्हाइकं मिळून चुन्याच्या रेघा पुसून टाकतात. सोमवारी पहाटे फक्की मारून त्या नव्यानं आखायच्या असतात. ते काम भावानं हौसेनं अंगावर घेतलं होतं.

“पहिल्यांदा बरोबर मारली हुती,” तो म्हणाला. “मग दारावरचा कागद वाचला. कमजोरी, शेवटचं वळण. रोज जाता-येता दिसायचं. मग सोमवारी दोन्हीकडचं वळण एक ढांग आत घेतलं. लई दमायची हो ती.”

“आणि पुढच्या सोमवारी?”

“आनखी एक ढांग.”

आमच्याकडे बांध कोरायची कला पिढ्यान्‌पिढ्यांची. पण बांध नेहमी शेजाऱ्याच्या रानात सरकतो. तो आपल्याच रानात सरकवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो. ध्येयपत्रकं गावात बऱ्याच दारांवर लागली होती. त्यातलं एक वाचून त्यावर कृती करणारा बहुधा हा एकटाच.

पुतणीला सांगणं भाग होतं. तिनं ऐकून घेतलं. बापाकडे बघितलं नाही. “बाकीच्या पोरीपण त्याच्यावरच पळतात,” एवढंच म्हणाली.

सोमवारी पहाटे तिनं बापाच्या हातातून फक्कीची पाटी घेतली. मी टेप धरला, तिनं रेघ मारली. सर आले, सगळं ऐकलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “गुरुजी, तक्ता आहे तसाच राहू द्या. मुलींचा आत्मविश्वास जातो.” मी कधीच गुरुजी नव्हतो आणि त्यांच्या आवाजात मुलींपेक्षा फ्लेक्सची काळजी जास्त होती. निदान मला तशी वाटली.

घड्याळ माझ्या हातात आलं. पुतणी पळाली. वळणावर बाजारातून वाचलेली जुनी रेघ अजून पुसट दिसत होती, नव्या रेघेच्या आत. दुसऱ्या राऊंडला तिथे पोचताना तिची मान मागे गेली, खांदे वर आले. आतून जायला मोकळी जागा होती. ती बाहेरूनच वळली. भाऊ तिथेच उभा होता, मुठी आवळून.

तीन मिनिटं अकरा सेकंद. म्हणजे वीसचे अकरा झाले होते. पोरगी खरोखर सुधारली होती, फक्त तक्त्याइतकी नाही. पण तिच्या डोक्यात तीन मिनिटं होती. ती गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती आणि माझ्या ओठांवर ‘तीन आठ’ येऊन थांबलं होतं. तीनच सेकंद. माझीही एक ढांग आत.

“किती वाटतंय तुला?” मी विचारलं.

तिनं वर बघितलं आणि हात पुढे केला. “सांगू नका, काका. घड्याळ दाखवा.”

मी दाखवलं. तिनं जाऊन तक्त्यावरचं तीन मिनिटं खोडलं आणि स्वतःच्या हातानं तीन अकरा लिहिलं. सरांनी शिट्टी मारली नाही.

घरी आल्यावर दारावरच्या कागदाशी ती जरा वेळ उभी राहिली. ती आत गेल्यावर आम्ही दोघांनी वाचलं. शेवटचं वळण खोडलेलं नव्हतं. त्याच्याखाली नवी ओळ होती, ‘पप्पा आणि काका’.

भावानं ते दोनदा वाचलं आणि काळजीनं विचारलं, “दादा, आता ह्याच्यावर काय करायचं?”

“काही करू नकोस,” मी म्हटलं. “फक्कीची पाटी तिच्याकडेच राहू दे.”