चावी कुठून आली

नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि बुऱ्हाणपूरच्या आमच्या मुलींच्या शाळेत हिंदी माध्यम आलं. मी तेव्हा तात्पुरती शिक्षिका होते. निरीक्षकसाहेबांसमोर हिंदीतून एक पाठ द्यायचा. पसंत पडला तर नोकरी कायम, नाही तर घरी. घरात कमावणारी मी एकटीच.

मी वहीत दोन रकाने आखले. डावीकडे आपला शब्द, उजवीकडे हिंदी. जे दोन्हीकडे सारखे निघाले ते लाल शाईने खोडले. घरी मराठी, बाजारात हिंदी अशी आमची सरमिसळ. त्यामुळे दोन्हीकडे चालणारा शब्द कुठेतरी चुकीचाच असणार, हा संशय आमच्या गावात सगळ्यांनाच. कमरा, अलमारी, मेज, चाबी, सगळे गेले. चाबीच्या जागी मी 'कुंजी' लिहिली.

इंग्रजी शिकवणारे सर निवृत्तीला आले होते. मधल्या सुट्टीत त्यांनी वही चाळली.

"बाई, चाबीनं काय गुन्हा केला?"

"सर, घरीही आपण तेच म्हणतो. साहेब म्हणतील, ही बुऱ्हाणपुरी हिंदी."

"बुऱ्हाणपूरला उगाच श्रेय देऊ नका. ती थेट रोमहून आली आहे."

शिवणाच्या बाई हसल्या. "पायी का, सर?"

"गलबतानं!"

मग सरांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवलं. रोमन लोकांच्या लॅटिनमध्ये 'क्लाविस'. इटलीत त्याचं 'क्यावे' झालं, स्पेनमध्ये 'यावे', फ्रान्समध्ये 'क्ले', जुन्या पोर्तुगीजांच्या तोंडी 'चावे'. पोर्तुगीजांबरोबर तो शब्द आपल्या किनाऱ्यावर उतरला. मराठीत चावी झाला, हिंदीत चाबी. इंग्रजांनी चावीला स्वतःचा वेगळा शब्द ठेवला, पण गळ्याखालच्या हाडाला त्यांचे डॉक्टर 'क्लॅव्हिकल' म्हणतात, म्हणजे छोटी चावी. सरांनी शर्टाचं वरचं बटण काढून ते हाड दाखवलं.

मला त्या शब्दाचं फार कौतुक वाटलं. इतक्या देशांतून फिरला, रूप बदलत गेला, पण काम सोडलं नाही. आणि मी त्याला दारातूनच परत पाठवत होते.

"साहेबांना पटलं नाही तर?"

"माझं नाव सांगा. मी तसाही चाललोय, मला कोण काढणार?"

तरी पाठाच्या दिवशी धीर झाला नाही. मी कुंजीपासूनच सुरुवात केली. जवळच्या निंबोला गावची एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "बाई आज काय बोलून राहिल्या गं?" मागच्या बाकावर साहेबांची पेन्सिल चालूच होती.

मी टाचण मिटलं आणि अलमारीची चावी उंच धरली.

"ये क्या है?"

"चाबी!" सगळा वर्ग एका सुरात.

"और घर में क्या कहती हो?"

"चाबीच!"

मग फळ्यावर रोमपासूनचा सगळा प्रवास काढला. हिंदी आपोआप येत गेली. मुली गळ्याखालची हाडं चाचपून एकमेकींना दाखवत होत्या. साहेबांचाही हात कॉलरकडे गेला.

तास संपल्यावर त्यांनी विचारलं, "ये किस किताब में है?"

"किताब में नहीं साहब, हमारे सर ने बताया."

"तो सर को बुलाइए."

दोघं बराच वेळ बोलत बसले. मी व्हरांड्यात उभी. मुख्याध्यापिकांनी साहेबांचा शेरा असलेला माझा कागद बाहेर आणून दिला. सहीच्या वर हिंदीत एकच ओळ होती : यांची भाषा इथल्या मुलींना समजते, यांना कायम करावे.