हाललं!

फोटोवाले चार जण एकत्र बसले की किस्से निघतातच. बाकीच्यांचे मजेदार असतात. माझे सेलूच्या स्टुडिओतले. ऐकणारे पोट धरून हसतात आणि मला मात्र आतून गलबलून येतं. हसा बाप्पा, तुमचं काय जाते!

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. मी शिकाऊ आणि स्टुडिओचे मालक आमचे वस्ताद. त्यांचा नियम एकच, रोज एक फोटो काढायचा, पण खाली, म्हणजे रिकाम्या, कॅमेऱ्यानं! काचेची प्लेट महाग. म्हणून नुसताच माणूस बसवायचा, काळं कापड डोक्यावर घ्यायचं, भिंगाची टोपी काढायची, "एक, दोन, तीन" म्हणायचं, टोपी लावायची. झाला फोटो! खरी प्लेट फक्त बाजाराच्या दिवशी, तीही एकच. ती साफ निघाली की गिऱ्हाइकं माझ्या हाती येणार होती. त्या आशेवरच मी दिवस काढत होतो.

*

पहिल्या प्लेटला अल्लीपूरचे एक काका बसले. "हालू नका," म्हटलं. काकांनी श्वाससुद्धा रोखला. तेवढ्यात रस्त्यावरून कोणी "रामराम!" केला आणि काकांनी मान वळवून उत्तर दिलं. प्लेटवर डोकी दोन!

वस्तादांनी प्लेट उजेडात धरली. "हाललं!"

काका म्हणाले, "माह्यं एक डोकं तं चालत नाई, हे दुसरं कायले देल्लं?"

*

मग आष्टीचं नवीन जोडपं आलं. सूनबाईचा पदर हनुवटीपर्यंत. मी म्हटलं, थोडं तोंड दिसू द्या.

सोबत आलेली सासू उसळली, "तोंड काऊन पायजे? लुगडं दिसलं म्हणजे झालं!"

सूनबाई दगडासारखी बसली. नवरोबाच पदराखाली डोकावून पाहत राहिले. वस्ताद म्हणाले, "हाललं!"

*

एकानं बैल आणला. म्हटलं, आता हा काही ऐकायचा नाही. पण बैल जागचा हलला नाही! मालकच त्याच्या पाठीवरच्या माश्या हाकत होता.

"हाललं! अन् बैल नाई हालला बरं," वस्ताद म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "लोकायले काय बोलू? भेतोस तू. तुह्यं मोजणंच लांबते. तीन म्हणेपर्यंत माणूस म्हातारा होते!"

त्या दिवशी मी जेवलो नाही. हे आपल्याला जमायचं नाही, अशी खात्रीच झाली होती.

*

खाली कॅमेऱ्यासमोर बसायला गावात कोणी तयार नसायचं. बसायची फक्त माझी आत्या. तिनंच मला लहानाचं मोठं केलं. दुपारी भाकर घेऊन यायची, धुतलेलं लुगडं नेसून स्टुलावर बसायची. नाकावर माशी बसली तरी हलायची नाही! एका बाजाराच्या दिवशी मी खरी प्लेट तिच्यासाठी राखून ठेवली.

"आत्या, आज खरा फोटो हाय."

ती ताडकन उठली. "नाई बा! खऱ्या फोटोनं आयुष्य कमी होते. खाली हाय म्हणून तं बसून राह्यलती मी!"

"अवं, मंग माह्यं कसं होईन?"

"मी मेल्यावर काढजो. तवा कमी व्हायले काई राह्यणार नाई."

वस्ताद हसून हसून खोकायला लागले. दुसऱ्या दिवशी आत्या पुन्हा हजर, खाली कॅमेऱ्यासमोर.

*

त्या हिवाळ्यात तिला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली. आमच्याकडे माणूस नेण्याआधी खुर्चीत बसवून, हार घालून फोटो काढायची रीत. माझे वडील म्हणाले, "रोज फोटो काढत होता न तू तिचे? एकबी नाई?"

मी वस्तादांकडे धावलो.

वस्तादांनी अंगणात कॅमेरा लावला. "तू काढ."

कापडाखाली गेलो. काचेवर सगळं उलटं दिसतं, आत्याही उलटीच दिसली. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "आत्या, हालू नको." बायकांचा रडण्याचा आवाज एकदम वाढला. मी टोपी काढली. एक म्हटलं. दोन म्हटलं. तीन काही तोंडातून निघेना.

शेवटी वस्तादांनीच पुढं होऊन टोपी लावली.

संध्याकाळी स्टुडिओत त्यांनी ओली प्लेट खिडकीपाशी धरली. मी मान खाली घालून उभा होतो.

"हाललं नाई," ते म्हणाले. "उद्यापासून गिऱ्हाइकं तू पाह्यजो."